बाबांच्या जुन्या नोकरीची पेन्शन: ईपीएस-९५ मध्ये नक्की काय पक्कं असतं?

मुक्ता_नाशिक

नमस्कार मंडळी. बाबांच्या ईपीएस-९५ च्या, म्हणजे पीएफबरोबरच्या कर्मचारी पेन्शन योजनेच्या पेन्शनबद्दल विचारायचंय. जरा लांबेल, पण सगळं एकदाच लिहिते.

बाबा नोव्हेंबर १९८७ ला सातपूर एमआयडीसीत एका कंपनीत लागले. नोव्हेंबर २००३ मध्ये ती बंद पडली. मग तीनेक वर्षं जमेल ती कामं केली आणि सप्टेंबर २००६ ला अंबडच्या एका कंपनीत लागले, तिथे ऑगस्ट २०२१ अखेरपर्यंत होते. त्यानंतर गुडघ्यांमुळे नोकरी नाही केली. दोन्ही वेळचा पीएफ काढून झालाय, पेन्शनच्या भागाला हात लावलेला नाही. आता थोड्या महिन्यांत ५८ पूर्ण होतील.

दुसऱ्या कंपनीच्या पासबुकात पेन्शनच्या कॉलमची बेरीज १,५७,००० च्या आसपास येते. (पगार जास्त होता पण कंपनी पीएफ लिमिटवरच कापायची.) ओळखीतले एक पीएफ कन्सल्टंट म्हणतात की पेन्शन घेऊन काय करणार, हजार रुपये मिळतील फक्त, त्यापेक्षा मी दीड लाख काढून देतो, माझे दहा टक्के. बाबांना ते पटायला लागलंय आणि मला झोप येईना.

घरात पहिल्या कंपनीच्या वेळचा एक कागद आहे, पीएफ ऑफिसचा, २००४ चा, वर स्कीम सर्टिफिकेट लिहिलंय. तो कागद कन्सल्टंटना दाखवला तर म्हणाले आता त्याचा उपयोग नाही, कंपनीच राहिली नाही.

तर प्रश्न असे की यात गॅरंटीड काय आहे? दीड लाख ही बाबांची रक्कम आहे का? आईला काय मिळेल? आणि ५८ ला घ्यावी की ६० पर्यंत थांबावं?

---

विनायक_पेरोल

मुक्ताताई, पहिलं काम म्हणजे तो कागद कुणाच्याही हातात देऊ नका. स्कीम सर्टिफिकेट म्हणजे आधीच्या पेन्शन सर्व्हिसचा पीएफ ऑफिसने दिलेला दाखला. झेरॉक्स काढा, मोबाईलवर फोटो काढा, ओरिजिनल घरात ठेवा. तुमच्या सगळ्या केसमध्ये सर्वात किमती वस्तू तीच आहे, पासबुक नाही.

मी बरीच वर्षं पेरोल आणि पीएफचं काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पासबुकात पेन्शनच्या कॉलममध्ये दिसते ती रक्कम म्हणजे बाबांच्या नावावरची शिल्लक नव्हे. त्यावर व्याज लागत नाही, ती वाढत नाही. कंपनीच्या वाट्यातले ८.३३ टक्के तिथे जातात, वर केंद्र सरकार १.१६ टक्के घालतं, आणि हे सगळ्या सभासदांचं मिळून एकाच मोठ्या फंडात पडतं. पेन्शन त्या बेरजेवरून निघतच नाही, ती फॉर्म्युल्याने निघते: पेन्शनेबल पगार गुणिले पेन्शनेबल सर्व्हिस भागिले ७०. गॅरंटी आहे ती या फॉर्म्युल्याची. म्हणजे तुमच्याकडे किती पैसे जमलेत याला महत्त्व नाही, किती वर्षं सर्व्हिस सिद्ध होते याला आहे.

आता सर्व्हिस मोजू. ईपीएस सुरू झाली १६ नोव्हेंबर १९९५ ला. तेव्हापासून नोव्हेंबर २००३ पर्यंत ८ वर्षं. दुसऱ्या कंपनीत सप्टेंबर २००६ ते ऑगस्ट २०२१ ही १५. एकूण २३. मधला गॅप मोजला जात नाही पण त्यामुळे आधीची सर्व्हिस वायाही जात नाही, फक्त जोडून घ्यावी लागते.

पगाराची मर्यादा १९९५ ला ५,००० होती, १ जून २००१ पासून ६,५०० झाली आणि १ सप्टेंबर २०१४ पासून १५,०००. बाबांचं लिमिटवर कापलं असेल तर हिशोब दोन तुकड्यांत होतो. ३१ ऑगस्ट २०१४ पर्यंतच्या १६ वर्षांना ६,५०० धरायचे: ६,५०० × १६ ÷ ७० = १,४८६. नंतरच्या ७ वर्षांना १५,०००: १५,००० × ७ ÷ ७० = १,५००. बेरीज २,९८६. वीस वर्षांच्या वर सर्व्हिस गेली की २ वर्षं बोनस मिळतात, ती जुन्या दराने धरली तरी १८६ ची भर. म्हणजे ३,१७० च्या पुढेच.

आणि १९८७ ते १९९५ ची वर्षं अजून यात आलेलीच नाहीत. तेव्हा १९७१ ची फॅमिली पेन्शन योजना होती. बाबांच्या त्या काळातल्या पगारपत्रकात एफपीएफ अशी वेगळी कपात दिसेल. त्या सर्व्हिसचा लाभ ठरावीक रकमेने मिळतो. ११ वर्षांपर्यंत ८० रुपये, आणि १५ नोव्हेंबर १९९५ ला पगार २,५०० च्या वर असेल तर ८५. हा ८० चा आकडा बघून सोडून देऊ नका, कारण १९९५ पासून ५८ पूर्ण होईपर्यंत जितकी वर्षं होती त्यानुसार तक्त्यातल्या गुणकाने तो गुणतात, आणि बाबांच्या बाबतीत हा काळ जवळपास ३० वर्षांचा आहे, त्यामुळे बरीच मोठी पट लागते. ते वरच्या ३,१७० मध्ये मिळवायचं.

आता तो कागद नसेल तर काय होतं बघा. फक्त दुसऱ्या कंपनीची १५ वर्षं. ६,५०० × ८ ÷ ७० = ७४३, अधिक १,५००, म्हणजे २,२४३. वीस वर्षं होत नाहीत म्हणून बोनस नाही. १९९५ च्या आधीचं काहीच नाही. महिन्याला हजाराच्या आसपास किंवा जास्तच फरक, तोही जन्मभर. कंपनी बंद पडली म्हणून सर्टिफिकेट बाद होत नाही. ते पीएफ ऑफिसने दिलेलं आहे, कंपनीने नव्हे.

दीड लाखाचं उत्तर सोपं आहे. दहा वर्षं सर्व्हिस झाली की पेन्शनचे पैसे एकरकमी काढताच येत नाहीत. १० सी फॉर्मवर एक तर स्कीम सर्टिफिकेट मिळतं, नाही तर ५८ नंतर १० डी भरून पेन्शन. त्यामुळे ते गृहस्थ काय काढून देणार आहेत मला कळत नाही. जुनी सर्व्हिस लपवून किंवा तारखा बदलून काही करणार असतील तर बाबा अडकतील.

---

रोहन_पिंपरी

विनायक सरांचा हिशोब बरोबर असेल पण मी तरी या स्कीमला चांगलं म्हणणार नाही. महिन्याला १,२५० रुपये (१५,००० चे ८.३३ टक्के) ३५ वर्षं ८ टक्क्यांनी ठेवले तर २८ लाखांच्या वर होतात. ईपीएसमध्ये त्याच ३५ वर्षांची पेन्शन किती, १५,००० × ३७ ÷ ७०, म्हणजे ७,९०० च्या आसपास. आणि मूळ रक्कम कधीच परत नाही. महागाई भत्ता नाही. गॅरंटी कसली मग ही

---

विनायक_पेरोल

रोहन, तिशीतल्या माणसासाठी तुझा मुद्दा खरा आहे, मी तो खोडणार नाही. पण मुक्ताताईंच्या बाबांसमोर तो पर्यायच नाही, पैसे गेलेत, आता त्या बदल्यात काय मिळतंय एवढंच बघायचं. पासबुकातले १,५७,००० धरले तरी ३,१७० ने ते पन्नास महिन्यांत वसूल होतात, पुढचं सगळं वरचं.

आणि अजून एक बाजू आहे जी हिशोबात धरली जात नाही. एक महिन्याचं जरी योगदान भरलेलं असेल आणि माणूस नोकरीत असताना गेला तर बायकोला पेन्शन सुरू होते, दोन मुलांना २५ वर्षांचे होईपर्यंत. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तरी दहा वर्षांची अट नाही. माझ्या एका जुन्या कंपनीत लग्नाला वर्ष न झालेला एक मुलगा अपघातात गेला, त्याच्या बायकोचे कागद मीच केले होते. त्या घराला दुसरा कुठलाच आधार नव्हता.

गॅरंटीचा अर्थ मात्र नीट समजून घ्या. फॉर्म्युला कायद्याने केलेल्या योजनेत लिहिलेला आहे, शेअर बाजार पडला म्हणून पेन्शन कमी होत नाही. पण सरकार योजना बदलू शकतं आणि बदललीही आहे. २०१४ च्या आधी शेवटच्या १२ महिन्यांची सरासरी धरायचे, आता ६० महिन्यांची. ते प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि ४ नोव्हेंबर २०२२ च्या निकालात ती दुरुस्ती कायम राहिली. म्हणजे अजून पेन्शन सुरू व्हायचीय त्यांच्यासाठी नियम बदलू शकतात हे गृहीत धरूनच चालायचं.

---

आबा_कागल

नमस्कार. मी साखर कारखान्यातून निवृत्त, वय ७७. मोबाईलवर टाईप करतो त्यामुळे चुका असतील तर सांभाळून घ्या.

मुक्ता बेटा तुझ्या बाबांना सांग एकरकमी पैशाचा मोह वाईट. आमच्या वेळी कायदेशीर सोय होती, पेन्शनचा तिसरा हिस्सा विकायचा, म्हणजे जेवढी रक्कम सोडली त्याच्या १०० पट रोख हातात. मुलीचं लग्न होतं, आम्ही घेतली. १०० महिने म्हणजे आठ वर्षं आणि चार महिने, त्यानंतर जी कपात चालू राहिली ती चालूच. २००८ च्या सप्टेंबरात ती सोय बंद झाली. मग २०२० च्या फेब्रुवारीत नोटिफिकेशन आलं की ज्यांनी सोय बंद व्हायच्या आधी विकली त्यांना १५ वर्षं झाल्यावर पूर्ण पेन्शन परत चालू. ती पण आपोआप झाली नाही माझी, अर्ज, हेलपाटे, मग झाली. ज्यांच्या घरात असे म्हातारे लोक असतील त्यांनी पासबुक उघडून बघा पेन्शन वाढली का. आमच्यातल्या कित्येकांना ठाऊकच नव्हतं. काही तर तोपर्यंत राहिलेही नाहीत.

रोहन म्हणतो ते पण खोटं नाही. कमीत कमी पेन्शन १,००० रुपये, १ सप्टेंबर २०१४ पासून, आजतागायत तीच मागणी चालू आहे की वाढवा. भगतसिंह कोश्यारींच्या समितीने २०१३ मध्येच किमान ३,००० करा म्हणून सांगितलं होतं, ते पुढे आपल्याकडे राज्यपाल होऊन गेले पण ती शिफारस तशीच राहिली. बुलढाण्याला आमचे लोक कलेक्टर कचेरीसमोर साखळी उपोषणाला बसले, मागणी ७,५०० आणि महागाई भत्ता. एसटीचे, साखरेचे, सहकारी बँकांचे, गिरण्यांचे, सगळे एकाच योजनेतले. ज्यांनी तीस तीस वर्षं यंत्रावर काढली त्यांना औषधाला पुरत नाही एवढी पेन्शन, हे मनाला लागतं. पण म्हणून आहे ती सोडू नये. कन्सल्टंट हजार म्हणाला ते खोटं आहे, हजार ही खालची रेघ आहे, सगळ्यांना तेवढेच असं नाही.

---

मुक्ता_नाशिक

आबा, विनायक दादा, खूप खूप आभार. आबांचं लिहिलेलं बाबांना वाचून दाखवलं, बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले उद्या त्या माणसाला नको म्हणून सांग.

सर्टिफिकेट नीट वाचलं आज. त्यात १९९५ च्या आधीची आणि नंतरची सर्व्हिस वेगवेगळी लिहिलीय. आईचं नाव आहे, आमची दोघा भावंडांची पण आहेत. दोन गोष्टी दिसल्या. बाबांची जन्मतारीख बरोबर आहे पण आडनाव एका अक्षराने चुकलंय, आधारवर वेगळं आहे. आणि दुसऱ्या कंपनीत हे सर्टिफिकेट कधी दिलंच नव्हतं. आता चालेल का?

आणि आईचं आणि ६० पर्यंत थांबायचं राहिलं.

---

विनायक_पेरोल

चालेल. १० डी फॉर्ममध्येच विचारलेलं असतं की तुमच्याकडे स्कीम सर्टिफिकेट आहे का, तिथे हो लिहून ओरिजिनल जोडायचं आणि पोच घ्यायची. जुना पीएफ नंबर यूएएनला (सगळ्या नोकऱ्यांसाठीच्या एकाच पीएफ नंबरला) जोडलेला नसणार कारण यूएएन आलं २०१४ मध्ये, त्यामुळे ऑनलाईन क्लेम केला तर बऱ्याचदा फक्त दुसरी सर्व्हिस पकडली जाते आणि पेन्शन कमी बसते. लोक खूश होतात की घरबसल्या झालं, आणि सर्टिफिकेट कपाटातच राहतं. म्हणून तुम्ही कागदावरचा फॉर्मच भरा आणि नाशिकच्या पीएफ ऑफिसमध्ये नेऊन द्या.

आडनावाचं आधी सरळ करून घ्या. जॉइंट डिक्लरेशन, म्हणजे नाव दुरुस्तीचा अर्ज, लागेल. जुन्या कंपनीचं अपॉइंटमेंट लेटर, ईएसआयचं कार्ड, पगाराची एखादी स्लिप, शाळेचा दाखला, जे असेल ते काढून ठेवा. दर महिन्याच्या २७ तारखेला 'निधी आपके निकट' म्हणून जिल्ह्याजिल्ह्यात पीएफवाल्यांचा कॅम्प असतो, तिथे ऑफिसर समोर भेटतात, एकदा दाखवून या. पेन्शन मंजूर होऊन पीपीओ (पेन्शन पेमेंट ऑर्डर) आला की त्यावर सर्व्हिस किती धरलीय ते वाचा, ४ आकडी रक्कम बघून समाधान मानू नका. जुनी वर्षं राहिली असतील तर ईपीएफओच्या तक्रार पोर्टलवर लिहा, सर्टिफिकेटचा नंबर घालून.

६० चं. थांबलं तर दर वर्षाला ४ टक्के वाढ, दोन वर्षांची ८.१६. पण त्या दोन वर्षांत २४ महिन्यांची पेन्शन सोडायची. ८.१६ टक्के जादा मिळून ती भरून यायला २९४ महिने लागतात, म्हणजे साडेचोवीस वर्षं. साठाला सुरू करून ८४ व्या वर्षी बरोबरी. मी तरी माझ्या वडिलांना थांबू दिलं नसतं. आणि उलट ५० नंतर लवकर घेतात त्यांची वर्षाला ४ टक्के कपात होते, ती कायमची. बाबांनी चुपचाप ५८ ची वाट पाहिली हे फार चांगलं केलं.

---

सुनंदा_डोंबिवली

आईबद्दल मी सांगते, कारण मी स्वतः ही पेन्शन घेते.

नवऱ्याला पेन्शन चालू झाल्यानंतर तो गेला तर बायकोला त्याच्या पेन्शनच्या निम्मी, कमीत कमी १,०००. म्हणजे तुमच्या बाबांची साडेतीन हजार बसली तर आईला पावणेदोन. जन्मभर, तिने दुसरं लग्न केलं नाही तर. कमी वाटेल, पण दर महिन्याला आपल्या स्वतःच्या खात्यात येणारे पैसे असतात, मुलांकडे मागावे लागत नाहीत, याचं मोल मला विचारा.

काही गोष्टी आताच करा ज्या मागाहून करताना फार त्रास होतो. आईचं नाव आधारवर, बँकेत आणि पेन्शनच्या कागदावर एकसारखं हवं. माझं लग्नाआधीचं नाव एका ठिकाणी आणि सासरचं दुसऱ्या ठिकाणी होतं, त्यात माझी पेन्शन कित्येक महिने अडकली, तीही अशा वेळी जेव्हा मला कुणाशी बोलायचं त्राण नव्हतं. आईबाबांचा जॉइंट फोटो लागतो १० डी ला, तो काढून ठेवा. आईचं बँक खातं नसेल तर उघडा. पीपीओची एक कॉपी आईला माहीत असेल अशा जागी ठेवा, तिला नंबर दाखवा, हा नंबर म्हणजे काय ते समजावून सांगा. आमच्या पिढीतल्या बऱ्याच बायकांना नवऱ्याची पेन्शन येते एवढंच ठाऊक असतं.

हयातीचा दाखला वर्षातून एकदा. आपल्या योजनेत नोव्हेंबरचीच सक्ती नाही, ज्या दिवशी दिला तिथून एक वर्ष चालतो. मोबाईलवर चेहरा दाखवूनही होतो आता, बोटांचे ठसे उमटत नाहीत त्यांना ते बरं पडतं. आणि जानेवारी २०२५ पासून पेन्शन देशातल्या कुठल्याही बँकेत घेता येते, त्यामुळे पुढे आई भावाकडे वगैरे राहायला गेली तरी अडचण नाही.

---

रोहन_पिंपरी

एक विचारायचं राहिलं, त्या हायर पेन्शनचं काय? यांना लागू होईल का

---

विनायक_पेरोल

नाही. ज्यांचा पीएफ मर्यादेच्या वरच्या पूर्ण पगारावर कापला जायचा त्यांच्यासाठी ते होतं, आणि अर्जाची मुदतही ११ जुलै २०२३ ला संपली. बाबांचं लिमिटवरच होतं. आता कुणी त्या नावाने फॉर्म भरून देतो म्हणून पैसे मागितले तर देऊ नका.

मुक्ताताई, सर्टिफिकेटवर पहिल्या कंपनीची सोडल्याची तारीख आणि बिनपगारी दिवस, ज्याला ते एनसीपी म्हणतात, तेवढे बघून इथे लिहा. कंपनी बंद पडायच्या आधी संप किंवा ले-ऑफ असेल तर ते दिवस वजा झालेले असतात. एकूण सर्व्हिसमध्ये पूर्ण वर्षांच्या वर सहा महिने किंवा जास्त उरले तर ते पूर्ण वर्ष धरतात, त्यामुळे एखाद्या महिन्याने वर्ष हुकतंय का ते कळेल.

---

मुक्ता_नाशिक

सोडल्याची तारीख २२ नोव्हेंबर २००३. एनसीपीच्या रकान्यात ४१ दिवस आहेत. बाबा म्हणतात शेवटच्या वर्षी ले-ऑफ होता तेच असतील.

---

विनायक_पेरोल

मग बाबांची १९९५ नंतरची पहिल्या कंपनीची ८ वर्षं पूर्ण होत नाहीत, जवळपास ७ वर्षं ११ महिने होतात. दुसऱ्या कंपनीची पूर्ण १५ धरली तर एकूण जवळपास २२ वर्षं ११ महिने, म्हणजे सहा महिन्यांच्या नियमाने २३. तुकडे पाडताना दिवसांवर मोजतील, दहा-बारा रुपये इकडे तिकडे होतील. बोनस पक्का आहे. दुसऱ्या कंपनीचे एनसीपी दिवस सर्व्हिस हिस्टरीत दिसतील, तेही एकदा बघून घ्या, आणि ५८ पूर्ण झाल्यावर लगेच फॉर्म द्या.